हुकलेल्या फटक्यांचे कडुनिंब

गोल्फ हा खेळ कुठल्याशा थंड, धुक्यातल्या, हिरव्यागार देशात जन्माला आला असं जे लोक सांगतात, त्यांना माझ्या बायकोचे मामा भेटलेले नसतात, एवढाच त्याचा अर्थ. मामांच्या मते हा खेळ कन्नड तालुक्यात, पिशोरच्या शिवारात, इट्टी-दांडू खेळून कंटाळलेल्या कुणा गुराख्यानं काढला. तिथून तो साहेबानं उचलून नेला, आणि साहेबाच्या देशात गवत आपोआप उगवत असल्यामुळं तिकडं त्याचं नको इतकं कौतुक झालं. हे मत मामा दबकत वगैरे मांडत नाहीत. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर दहाव्याला घाटावर, कावळा शिवेपर्यंतच्या वेळात, त्यांनी ते तपशीलवार मांडलेलं मी ऐकलं आहे. कावळा त्या दिवशी फार उशिरा शिवला. तो ऐकत बसला होता, असं मामांचं आजही म्हणणं आहे.

मामांचा क्लब म्हणजे शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला पसरलेला एक माळ. खाजगी गोल्फ क्लब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मखमली हिरवळ, रंगीत छत्र्या, तळ्यात बदकं असं काहीबाही येतं. आमच्याकडं बदक आलंच तर आधी त्याच्यासाठी टँकर मागवावा लागेल. ज्या शहरात नळ येण्याचा दिवस सणासारखा पाळतात, तिथं गवताच्या तोंडात पाणी कोण घालणार? म्हणून आमच्या क्लबात होलभोवती हिरवळ नसते, चाळलेली वाळू असते, गॅरेजातलं जळकं ऑइल शिंपडून दाबून बसवलेली. बाकीचं जग त्या जागेला 'ग्रीन' म्हणतं, आम्ही 'ब्राऊन' म्हणतो आणि मान वर करून म्हणतो. या वाळूत बुटांचे ठसे उमटतात. म्हणून ज्याचा चेंडू सगळ्यांत शेवटी होलात पडला, त्यानं जाताना दोरीनं लाकडी फळी ओढत सगळी वाळू पुन्हा सारखी करायची, ही क्लबाची जुनी परंपरा. फळी मामांनी गावाकडून आणलेली, पेरणीआधी रान सपाट करायची. तिच्यापुढं हुद्दा चालत नाही. वाळूजचे कारखानदार, निवृत्त साहेबलोक, पोटं सुटलेले बिल्डर, सगळ्यांना मी बैलाच्या जागी उभं राहून फळी ओढताना पाहिलं आहे. मागून मामा, कमरेवर हात ठेवून, कडेला जरा दाबून घ्या, असं सांगत चालत असतात.

माझी आणि मामांची पहिली भेट मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. पोहे झाले, चहा झाला, आमच्या आत्यानं मुलीला स्वयंपाक येतो का हे तीन वेगवेगळ्या वाटांनी विचारून झालं. तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीत डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले आणि पायांत गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेले एक गृहस्थ माझ्या खांद्यांकडं टक लावून बसले होते. एकदम त्यांनी मला उठायला सांगितलं. माझ्या वडिलांची छत्री माझ्या हातात दिली, पुढ्यात चेंडू आहे असं समजा म्हणाले, आणि मारा म्हणाले. मुलगी समोर बसलेली. मी देवाचं नाव घेऊन छत्री फिरवली. ती अर्ध्या वाटेत उघडली आणि आत्याचा चहाचा कप घेऊन खाली आली. मामांनी डोळे मिटून विचार केला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "खांदे सैल हायेत. माणूस हट्टी नाय. देऊन टाका पोरगी." माझ्या संसाराचा पाया असा माझ्या खांद्यांवर उभा आहे. माझ्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची तारीफ आजवर कानावर आली नाही, असं बायको अधूनमधून ऐकवते.

लग्न झाल्यावर मला क्लबात जावयाच्या मानाची जागा मिळाली. म्हणजे मामांची बॅग उचलायची. बॅगेतल्या काठ्यांना मामांनी घरच्या सुनांसारखी नावं ठेवलेली. लांब मारायची ती थोरली, मधल्या पल्ल्याची ती मधली, आणि वाळूवर चेंडू हळूच ढकलायची ती धाकटी. रविवारी सकाळी मी माळावर ओझं घेऊन चालतोय आणि मामा हात मागं करून, नजर चेंडूवरून न हलवता, "जावईबापू, मधलीला पाठवा," म्हणताहेत, हे चित्र कुणी नव्या माणसानं पाहिलं की त्याचा भलताच समज होई. मला स्वतःला खेळ येत नाही. सुरुवातीला मामांनी शिकवायचा प्रयत्न केला. मी मारला की चेंडू जागेवर राही आणि क्लबाच्या मालकीची बरीचशी माती पुढं जाई. काही महिने त्यांनी सहन केलं. मग एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, "जावईबापू, चेंडू लई सुखात बसलाय. उगा त्याला तरास नका देऊ." त्या दिवसापासून मी फक्त बॅग उचलतो. खांदे सैल असल्याचा तिथं फायदा होतो.

क्लबाचा इतिहास ही मामांची खास जहागीर. नवा सभासद आला की पहिला फटका मारण्याआधी त्याला पहिल्या होलपाशी उभं करून मामा तो सांगत. ऊन वाढत जाई, मागच्या लोकांची रांग लागे, पण ऐकल्याशिवाय काठी उचलू देत नसत. एका थंडीत क्लबाचा संस्थापक कुणी घोडदळातला मेजर असे. दौलताबादहून येताना त्याचा घोडा या माळावर अडून बसला आणि मेजरनं वेळ घालवायला चाबकाच्या मुठीनं दगड मारायला सुरुवात केली. पुढच्या उन्हाळ्यात तोच संस्थापक निजामाच्या महसूल खात्यातला एक बारीक तब्येतीचा साहेब होई, ज्याला हकिमानं पोटासाठी चालायला सांगितलं होतं आणि नुसतं चालायची लाज वाटत होती. तिसऱ्या एका हकिकतीत तर दोघंही असत आणि एकमेकांशी बोलत नसत. मी एकदा भीतभीत म्हटलं, की मामा, यातलं खरं कोणतं? मामा वैतागले नाहीत. "तुमचं लग्न कसं जमलं ते तुमची आई एक सांगती, सासूबाई दुसरंच सांगतात," ते म्हणाले. "म्हणून लग्न झालंच नाय का?"

या इतिहासातलं सगळ्यांत कडक कलम चौथ्या होलचं. हा होल आखूड आहे. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या चौथऱ्यावर, उभं राहिलं की मधे एक कोरडा नाला दिसतो आणि पलीकडं वाळूत झेंडा. चांगल्या हाताला एका फटक्यात झेंड्याजवळ पोचता येतं. पण झेंडा आणि नाला यांच्यामधून शेळ्यांची वाट जाते. रोज सकाळी ऊन जरा वर आलं की गयाबाई धनगरीण आपला कळप घेऊन त्या वाटेनं डोंगराकडं निघते. कळप दिसला की खेळ थांबलाच पाहिजे. काठ्या जमिनीवर आडव्या ठेवायच्या, बसायचं नाही, शेळ्यांना हाड्‌हाड् करायचं नाही. आणि मधल्या वेळात एखाद्या शेळीचा पाय किंवा तोंड लागून चेंडू हलला, तर शेळीनं जिथं ठेवला तिथूनच पुढं खेळायचं. तक्रार करायची नाही. हा नियम मेजरनं घालून दिला, असं मामा सांगत. महसूलवाल्या साहेबाच्या हकिकतीतसुद्धा तो नियम जसाच्या तसा असे, एवढंच काय ते त्या इतिहासात कायम होतं.

खरं काय ते मला गयाबाईनंच सांगितलं. वाट तिच्या आजेसासूच्या आधीपासूनची. क्लबवाल्यांनी सुरुवातीला तिथं दगड लावले, तेव्हा तिच्या सासूनं सगळा कळप आणून चौथ्याच्या वाळूवर बसवला आणि मधोमध स्वतः बसून भाकरीचं फडकं सोडलं. कुणाची पुढं जायची छाती होईना. तेव्हा मामा नुकते सभासद झालेले. पिशोरकडचा माणूस आहे, याला बोलता येईल, म्हणून त्यांना पुढं ढकललं. मामा गेले, म्हातारीशेजारी वाळूवर बसले, तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि परत येऊन कमिटीला अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की शेळ्यांना आधी वाट देणं ही या क्लबाची संस्थापकांपासूनची परंपरा आहे आणि आपण ती विसरलो याची त्यांना लाज वाटते. कमिटीलाही लाज वाटली. परंपरा अशी अर्ध्या भाकरीत तयार झाली.

या परंपरेचा सर्वांत मोठा बळी म्हणजे वकीलसाहेब. दिवाळीच्या कपात त्यांचा चेंडू चौथ्या होलच्या अगदी ओठावर येऊन थांबला होता. फुंकर घातली असती तर पडला असता. तेवढ्यात कळप आला. एका दाढीवाल्या बोकडानं चेंडू हुंगला, त्याला तो पसंत पडला, आणि पायांनी खेळवत खेळवत त्यानं तो थेट नाल्यात नेऊन सोडला. वकीलसाहेबांनी जागेवरच कायद्याचे मुद्दे काढले. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि नाल्याकडं बोट दाखवलं. वकीलसाहेब नाल्यात उतरले ते बराच वेळ नुसते आवाजावरून कळत होते. कप गेला, वर फळीही त्यांनाच ओढावी लागली. पुढची दिवाळी येईपर्यंत ते मामांशी बोलले नाहीत. आता ते क्लबाचे अध्यक्ष आहेत, आणि गादीवर बसल्याबसल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर चौथ्याला कुंपण घालण्यासाठी जाळीच्या तारेचं भेंडोळं मागवून कोठारात ठेवलं. मामा जाता-येता त्या भेंडोळ्याकडं बघत.

क्लबाची आणखी एक रीत आहे आणि मामांचा सगळा जीव तीत अडकलेला. टीवरून मारलेला चेंडू एका फटक्यात थेट होलात गेला, की मारणाऱ्यानं सगळ्या क्लबाला, माळ्यांना आणि गयाबाईच्या घरच्यांनाही नान-खलियाचं, म्हणजे भट्टीतली रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा असं, जेवण घालायचं, आणि त्या होलच्या कडेला एक कडुनिंब लावायचा. झाडाला त्या माणसाचं नाव. माळावर अशी मोजकीच झाडं आहेत, कारण असा फटका आयुष्यात एखादाच, तोही नशिबात असला तर. दुसऱ्या होलवर डॉक्टर आहेत, सहाव्यावर वकीलसाहेब, आठव्यावर एक कर्नल, जे स्वतः केव्हाच वारले पण झाडानं जोरात आहेत. या सगळ्यांना पाणी घालण्याचं काम मामांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. घरातलं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कॅनमध्ये साठवायचं, स्कूटरच्या पुढ्यात दोन कॅन, मागं मी मांडीवर एक कॅन घेऊन, अशी आमची वरात निघे. वळणावर कॅन हिंदकळून माझ्या विजारीवर सांडे आणि मी माळावर पोचेपर्यंत माझ्याबद्दल बघणाऱ्यांचा गैरसमज झालेला असे.

झाडांविषयी मामा फोनवर बोलू लागले, की आजूबाजूचे लोक हादरत. एकदा गुलमंडीवर भर गर्दीत, मसाल्याच्या दुकानासमोर, ते माळ्याला मोठ्यानं सांगत होते, की वकीलसाहेबांना बुडापासून वाळवी लागलीय, आजच्या आज खणून चुना घाला, आणि डॉक्टरांच्या दोन फांद्या रस्त्यावर आल्यात त्या छाटून टाका. दुकानदारानं पुडा बांधताबांधता हात थांबवला आणि मला हलक्या आवाजात विचारलं, की हे कुठल्या खात्यात असतात? मी पाटबंधारे म्हणून सांगितलं, जे खरंही होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्यांच्या झाडांना इतकी वर्षं पाणी घालणाऱ्या या माणसाचं स्वतःचं झाड मात्र माळावर नव्हतं. मामांचा फटका होलात कधी गेलाच नाही. जवळ गेला, झेंड्याला लागून उलटला, एकदा होलवरून गोल फिरून बाहेर आला, पण आत नाही. मामांनी आशा सोडली नव्हती. आमच्याच कॉलनीत त्यांचं घर, तिथल्या गच्चीवर तेलाच्या डब्यात एक कडुनिंबाचं रोप कायम तयार असे, न जाणो या रविवारी फटका लागला तर ऐनवेळी धावपळ नको. रविवार येई, फटका हुके, रोप वाढत राही. डब्यात मावेनासं झालं, की मामा ते कॉलनीत कुणाच्या तरी दारात लावत आणि निंबोळी टाकून नवं तयार करत. आमच्या कॉलनीत आज घरटी कडुनिंब आहे. बाहेरचे लोक म्हणतात, काय हो तुमची कॉलनी, किती सावली, किती जागरूक लोक. आम्ही नुसते हसतो. जागरूक वगैरे काही नाही, हे सगळे मामांचे हुकलेले फटके आहेत. आमच्या फाटकाजवळचा तर झेंड्याला लागून उलटलेल्या फटक्याचा आहे. मे महिन्यात त्याच्या खाली गाडी लावताना मला दर वेळी जरा अपराध्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी मामांचे गुडघे गेले. क्लबातल्या डॉक्टरांनीच तपासलं. हा माणूस अस्सल शहागंजचा, अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलणारा आणि दोन्हींत सारखाच प्रेमळ. त्यांनी मामांना समोर बसवून सांगितलं, की आता वाट्या बदलाव्या लागतील, माळावर चालणं बंद, काठी फिरवणं तर कायमचं बंद. पुण्याची लेक येऊन न्यायचं ठरवून गेली. मामांनी एकच अट घातली, की मधे जो एक रविवार येतोय तेवढा द्या. डॉक्टरांनी तोंड फिरवून हो म्हटलं. त्या आठवड्यात मामांनी गच्चीवरच्या रोपाची पानं रोज ओल्या फडक्यानं पुसली. बायको मला आत बोलावून म्हणाली, की तुम्हाला खेळ येत नाही ते ठीक आहे, पण त्या चेंडूला काही सांगता येतं का बघा. मी बघतो म्हटलं. जावई माणूस आणखी काय म्हणणार?

रविवारी मामांनी आपला ठेवणीतला रुमाल बांधला. आमच्या पुढच्या जोडीत वकीलसाहेब आणि डॉक्टर होते. मागं मामा आणि बॅगेसह मी. पहिल्या तीन होलांवर मामा असे खेळले, की जणू ते होल मधे आले म्हणून नाइलाजानं खेळायचे. चौथ्याला पोचलो, तेव्हा वकीलसाहेब पलीकडं फळी ओढत होते. त्यांनी फळी बाजूला घेतली, हात हलवून आम्हाला मारायला सांगितलं आणि डॉक्टरांना घेऊन कडेला उभे राहिले. मामांनी मधलीला मागून घेतलं. नाल्याकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं, मग गुडघ्यांकडं बघितलं, बैलाला उठवताना बघतात तसं. आणि मारला.

चेंडू हवेत असताना बोलायचं नाही, हाही एक नियम. मी श्वाससुद्धा घेतला नाही. चेंडू नाला ओलांडून गेला, कडक जमिनीवर दोनदा उडाला, वाळूवर आला, आणि सरपटत, सरपटत निघाला. पलीकडं डॉक्टरांचे दोन्ही हात हळूहळू वर जाऊ लागले. ते खांद्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. चेंडू होलच्या वीतभर अलीकडं उभा राहिला होता.

मामांनी मधली माझ्याकडं दिली, फडक्यानं पुसून दिली, आणि चालू लागले. आम्ही नाल्यात उतरतोय तेवढ्यात वरून घंटांचा आवाज आला. गयाबाईचा कळप. मामांनी सवयीनं हात वर केला. मी बॅग आडवी ठेवली, पलीकडं वकीलसाहेबांनी दात ओठ खात काठी आडवी ठेवली. शेळ्या निवांत चालल्या होत्या. त्यांतली एक, कान तुटलेली, कळप सोडून वाळूवर चढली. चेंडूपाशी आली. वास घेतला. आणि नाकानं त्याला असा एक हलका धक्का दिला, की मामांना आयुष्यभर धाकटीनं तसा कधी देता आला नव्हता. टक्क असा आवाज आम्हाला नाल्यात ऐकू आला.

आम्ही वर पोचलो तेव्हा गयाबाई शेळीच्या पाठीत काठी घालत होती. "लई वढाळ हाये ही कानतुटी, मामा. खेळ मोडला का तुमचा?" असं विचारताना तिचा चेहरा रडवेला झाला होता. मामांनी नाय म्हणून मान हलवली. ते होलात वाकून बघत होते. चेंडू तळाशी बसला होता, अगदी सुखात.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर सांगितलं नसतं. वकीलसाहेब पुढं आले. इतकी वर्षं शेळ्यांच्या विरोधात बोललेला हा माणूस घसा साफ करून शेळीच्या बाजूनं उभा राहिला. शेळीनं चेंडू जिथं ठेवला तिथं तो आहे असं समजायचं, चेंडू होलात आहे, फटका एकच झालेला आहे, म्हणून मामांचा चेंडू एका फटक्यात होलात गेला, असं त्यांनी कोर्टात मांडावं तसं मांडलं. "याच नियमानं मी नाल्यात उतरलो होतो, मामा," ते म्हणाले. "आता तुम्ही वर चढायला नाही म्हणू नका."

डॉक्टरांना राहवेना. "कायकू सोचते, मामा? ले लो ना झाड," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मामांची नजर चेंडूवरून हलेना. मला गच्चीवरचं रोप दिसत होतं. ते त्यांनाही दिसत असणार. तोंडातून हो एवढाच शब्द यायचा होता, आणि आम्ही चौघं, गयाबाई धरून, तो शब्द यावा म्हणून टपलो होतो. मामा गुडघ्यावर हात रोवून कष्टानं वाकले, चेंडू काढला, धोतराला पुसावा तसा पँटला पुसला.

"फटका एकच धरा. नियम हाये तो, मोडायचा नाय," ते म्हणाले. "पर मारला मी आन घातला हिनं. झाड घालणारीचं."

वकीलसाहेब काही बोलायला गेले, तर मामांनी हात वर केला. "इतकी वर्सं वाट पाह्यली, वकीलसाहेब, ती काय उष्टं घ्यायला?"

त्याच संध्याकाळी रोप डब्यासकट माळावर आलं आणि चौथ्याच्या कडेला कानतुटीच्या नावानं लागलं. जेवण मारणाऱ्याकडं, झाड घालणारीकडं, असा मामांनी तिथल्या तिथं निवाडा दिला. जेवणाला नान-खलिया ठरलेलाच, पण शेळीच्या मानाच्या पंगतीत मटण वाढायचं कसं, हा प्रश्न निघाला, आणि क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदा खलियात वांगी पडली. डॉक्टर प्रत्येक घासाला निःश्वास टाकत जेवले. आता हीसुद्धा परंपरा होणार की काय, एवढीच त्यांना भीती. राहिला प्रश्न रोपाचा. कडुनिंबाचा कोवळा पाला शेळ्यांना किती आवडतो हे सांगायला नको, आणि वाट तर तिथूनच. दुसऱ्या दिवशी बघतो तर वकीलसाहेबांनी कोठारातलं तारेचं भेंडोळं बाहेर काढून त्यातली जाळी रोपाभोवती गोल उभी केली होती. उरलेल्या तारेचं काय झालं हे मी विचारलं नाही. कुंपण काही झालं नाही, एवढं खरं.

मामा पुण्याला गेले. वाट्या बदलल्या. कॅन आता माझ्या स्कूटरवर असतात. मागं मांडीवर घेऊन बसायला कुणी जावई अजून मिळालेला नाही, त्यामुळं दोन खेपा होतात. दर रविवारी दुपारी मामांचा फोन येतो. आधी वकीलसाहेबांची वाळवी, मग डॉक्टरांच्या फांद्या, मग कर्नलचं क्षेमकुशल, आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं, शेळीला पालवी फुटली का? मी फुटली म्हणतो. माळावर त्या झाडाला कुणीच शेळी म्हणत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माळी मला लांबून ओरडून सांगतो, की मामांना पाणी झालं. वकीलसाहेब टीवरून मारताना म्हणतात, मामांच्या जरा डावीकडून घेतो. नवे सभासदही तसंच म्हणायला लागलेत. त्यांना वाटतं, मामा म्हणजे कुणी फार मोठा खेळाडू होता. आमच्या क्लबाचा इतिहास असाच तयार होतो, मी मधे पडत नाही.

या मे महिन्यात मामा चार दिवसांसाठी आले. हातात काठी, पण चालायची. थोरली, मधली, धाकटी बॅगेतून बघत राहिल्या. मी त्यांना स्कूटरवरून हळूहळू चौथ्यापर्यंत नेलं. दुपार कलली होती तरी ऊन मी म्हणत होतं. रोप आता जाळीच्या वर डोकं काढून उभं होतं. गयाबाई कळप घेऊन डोंगराकडून परत चाललेली, थांबली. म्हणाली, मामांचं झाड लई झपाट्यानं चढलं. मी मान खाली घातली.

"माझं नाय, गयाबाई," मामा म्हणाले. "तुझ्या कानतुटीचं."

"व्हय तर," गयाबाई म्हणाली. "कानतुटी रोज जाळीला तोंड लावून बसती, कवा खाऊ म्हणून. खायला टपलीय तिचं झाड कसं असंल?"

मामांजवळ कुठल्याही गोष्टीला उत्तर असतं. घाटावरच्या कावळ्यालासुद्धा होतं. त्यांनी गयाबाईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग रोपाकडं. कळप पुढं गेला. घंटा लांब गेल्या. मामा रोपाच्या भोवती फिरून पश्चिमेच्या बाजूला आले आणि काठी टेकून उन्हाला पाठ करून उभे राहिले, आपली सावली बरोबर त्या कोवळ्या शेंड्यावर पडेल असे. डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलेलं. मी आठवण दिली.

"थांबा जरा, जावईबापू," मामा म्हणाले. "ऊन उतरू द्या."